माउथऑर्गनचा गंधार

गवयाच्या घरात जन्मलेल्या माणसाने वर्तमानपत्रात सिनेमावर लिहावे, आणि तेही दरोडेखोरांच्या सिनेमावर, ही गोष्ट लष्करातील जुन्या मंडळींना कितपत रुचेल याची मला शंका आहे. माझे वडील शिंदे दरबारच्या पदरी असलेल्या अगदी शेवटच्या गवयांपैकी. आजोबांच्या मागे तंबोरा घेऊन बसता बसता त्यांचे नाव पगारपत्रकात लागले आणि ते लागते न लागते तोच १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले. तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. मी त्यांना पन्नाशीच्या उंबरठ्यावर झालेला मुलगा. त्यामुळे दरबार मी पाहिला नाही, दरबारची शिस्त मात्र पुरेपूर भोगली. सिनेमाचे गाणे गुणगुणणे हा आमच्या घरात अपराध होता आणि बाजाची पेटी ही ओसरीच्या आत येऊ न देण्याची वस्तू होती. साथीला सारंगी असेल तर असावी, नाहीतर नुसते दोन तंबोरे पुरेत, असा अण्णांचा खाक्या.

अशा घरात मी ‘शोले’ प्रथम ऐकला. पाहिला असे म्हणत नाही, ऐकला असेच म्हणतो. त्याचे कारण पुढे येईल.

निमित्त असे की, १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाची प्रत दुरुस्त करून, आणि सेन्सॉरने त्या वेळी बदलायला लावलेला मूळ शेवट परत जोडून, ती जून २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या शहरात भर चौकात, उघड्या आकाशाखाली दाखवण्यात आली. डिसेंबर २०२५ मध्ये ती आपल्याकडच्या थिएटरांत आली. इटलीत दाखवली हे मला मोठे उचित वाटले; कारण या चित्रपटाचे आजोळ तिकडेच आहे.

१९६० नंतरच्या दशकात इटालियन दिग्दर्शकांनी अमेरिकेतील गुराख्यांचे आणि बंदूकबाजांचे चित्रपट स्पेनच्या उजाड माळांवर काढण्याचा सपाटा लावला. टीकाकारांनी त्यांना कुचेष्टेने ‘स्पॅगेटी वेस्टर्न’ म्हटले. म्हणजे आपल्या भाषेत शेवयांचे वेस्टर्न. नाव हिणवण्यासाठी ठेवलेले, पण चिकटले ते चिकटले आणि पुढे मानाचे झाले. ‘शोले’ला मग कुणी ‘करी वेस्टर्न’ म्हटले. शेवया म्हणा की रस्सा म्हणा, पंगतीला बसलेल्याला चवीशी काम. या इटालियन मंडळींचा मुखिया सर्जिओ लिओने, आणि त्याचा १९६८ सालचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ हा चित्रपट ‘शोले’च्या पाठीशी स्पष्ट उभा आहे. गावाच्या रक्षणासाठी भाडोत्री लढवय्ये आणण्याची कल्पना जपानच्या कुरोसावाची, त्याच्या १९५४ सालच्या ‘सेव्हन सामुराई’ची, परंतु ती सांगण्याची रीत, विशेषतः ती ऐकवण्याची रीत, लिओनेची.

लिओनेचा संगीतकार एन्निओ मोरिकोने. हे दोघे रोममध्ये लहानपणी एका वर्गात होते. मोरिकोने हा वादकाचा मुलगा. वडील ट्रम्पेट वाजवीत आणि मुलगाही आधी ट्रम्पेटच शिकला. तेव्हा तो आमच्याच बिरादरीतला म्हणायला हरकत नाही. या चित्रपटाचे संगीत त्याने चित्रीकरणाआधीच तयार केले होते, आणि लिओने ते चित्रीकरणाच्या जागी वाजवून नटांना त्याच्या लयीत चालवीत असे. आपल्याकडे बहुधा सगळे उरकल्यावर संगीतकाराला बोलावतात, जसे मांडव घालून झाल्यावर सनईवाल्याला. असो.

पण गंमत पुढेच आहे. ज्याच्याजवळ एवढे आधी तयार केलेले संगीत होते, त्या लिओनेने चित्रपटाची पहिली दहा मिनिटे, किंबहुना अधिकच, संगीताशिवाय काढली. एक ओसाड रेल्वे स्टेशन. तीन बंदूकवाले गाडीची वाट पाहत आहेत. पवनचक्की कुरकुरते आहे. एकाच्या तोंडावर माशी बसते आहे. दुसऱ्याच्या हॅटवर वरून पाण्याचा थेंब पडतो आहे. तिसरा बोटे मोडतो आहे. याखेरीज काही नाही. मग गाडी येते, जाते, कुणी उतरलेले दिसत नाही; आणि तिघे वळतात तेवढ्यात पाठीमागून माउथऑर्गनचे दोन-तीन कळवळते सूर येतात. मैफलीत आधी नुसता तंबोरा कानांत भरू द्यावा आणि मग पहिला षड्ज लावावा, तसे हे आहे. ज्याने तंबोरा भरू दिला नाही त्याचा षड्ज कितीही सुरेल असो, तो उपरा वाटतो.

आता ‘शोले’कडे येतो. लेखक सलीम-जावेद. जावेद अख्तर यांचा जन्म १९४५ साली याच ग्वाल्हेरीत झाला. त्यांचे वडील कवी जाँनिसार अख्तर आपल्या व्हिक्टोरिया कॉलेजात शिकवीत. सलीम खान इंदूरचे. म्हणजे एक शिंद्यांच्या मुलखातला आणि एक होळकरांच्या. या दोन मुलखांचे इतके चांगले जमल्याचे उदाहरण इतिहासात फारसे नाही, हे वाचकांना मी सांगायला नको.

आणि गब्बरसिंग? तो तर आपल्या अगदी शेजारचा. गब्बरसिंग गुजर नावाचा खराखुरा बागी भिंडच्या बाजूला होऊन गेला. माणसांची नाके कापण्याबद्दल त्याची दहशत होती. १३ नोव्हेंबर १९५९ रोजी पोलिसांच्या गोळीबारात तो मारला गेला. पडद्यावर ही भूमिका करणाऱ्या अमजद खान यांनी तयारीसाठी तरुणकुमार भादुरी यांचे ‘अभिशप्त चंबल’ हे पुस्तक वाचले होते. भादुरी हे पत्रकार, आणि चित्रपटात राधेचे काम करणाऱ्या जया भादुरी यांचे वडील. एवढा सगळा चंबळचा मसाला असूनही चित्रपटातला मुलूख आपला नाही. तो बंगळूरजवळच्या रामनगरचा आहे, काळ्या शिळांचा. आपल्याकडे शिळा कुठल्या? आपल्याकडे मातीचे बीहड. त्यात घोडा घालणारा स्वतःच अडकेल. आपले बागी पायी हिंडत. आमच्या वाड्यात दूध घालणारे भिंडकडचे एक वृद्ध गृहस्थ ‘शोले’चे नाव निघाले की एवढेच म्हणत, की घोड्यांना चारा कोण घालीत होते ते विचारा.

या भीतीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला गब्बर ही कल्पना होती, आपल्याला ती आठवण होती. आमच्या घरी आजोबांच्या वेळी मुरैना-भिंडकडून लग्नाच्या मैफलीचे आमंत्रण आले तर बिदागीपेक्षा परतीच्या वाटेचा विचार आधी होई. दिवसाउजेडी परतता आले तरच होकार. १९६० च्या मे महिन्यात विनोबाजी त्या बीहडांतून पायी हिंडले आणि वीस बागींनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. १९७२ च्या एप्रिलात जौऱ्याला जयप्रकाशजींसमोर त्याहून मोठे समर्पण झाले. आपल्या घरांतून तेव्हा काय बोलले गेले ते ज्यांना आठवत असेल, त्यांना ‘शोले’तला सामसूम गावरस्ता वेगळाच ऐकू येतो.

होय, सामसूम ऐकू येते. ठाकूरच्या कुटुंबाची हत्या होते तो प्रसंग घ्या. गोळ्या झडतात, माणसे पडतात, पण त्यात गाजावाजा नाही. शेवटी अंगणात एक लहान मुलगा आणि घोड्यावरचा गब्बर. गोळीचा आवाज होतो आणि त्याच क्षणी आपण आगगाडीपाशी असतो. ठाकूर सुट्टीवर घरी येत आहे. लिओनेच्या चित्रपटातही मुलावर झाडलेली गोळी अशीच आगगाडीच्या शिट्टीत मिसळते. उसनवारी उघड आहे, लपवलेली नाही. मात्र पुढचे आपले आहे. ठाकूर घरी पोहोचतो. पांढऱ्या चादरींखाली झाकलेली माणसे. वारा. आणि अंगणातल्या रिकाम्या झोपाळ्याची कुरकुर. लिओनेची पवनचक्की इथे झोपाळा झाली आहे. ज्या घरात झोपाळा आहे, आणि आपल्यापैकी कुणाच्या घरात तो नव्हता, त्यांना ती कुरकुर म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. संध्याकाळी परवचा संपल्यावर जो आवाज घर भरलेले असल्याची खूण, तोच इथे घर रिकामे झाल्याची खूण होतो.

या श्रवणकौशल्यात मराठी हात किती होते याची नोंद आपण क्वचितच घेतो. काटछाट माधव शिंदे यांची. सुमारे तीन लाख फूट फिल्म त्यांनी वीस हजार फुटांच्या आत आणली. फिल्मफेअरचे एकच पारितोषिक या चित्रपटाला मिळाले, ते शिंद्यांना. रामगढ गाव उभे केले राम येडेकरांनी. ध्वनींची जुळणी राजकमलचे मंगेश देसाई यांची. कालिया झालेले विजू खोटे आणि अहमद झालेले सचिन यांना तर सगळेच ओळखतात. मुख्य वस्ताद अर्थात राहुलदेव बर्मन. तेही राजघराण्याशी नाते असलेल्या गवयाचेच चिरंजीव.

आता माझ्या ऐकण्याची हकीकत.

साल १९९०च्या आसपासचे. मी नऊ-दहा वर्षांचा. काचबिंदूने अण्णांची दृष्टी तोवर जवळजवळ गेली होती. आमच्या गल्लीच्या गणपतीत कर्ण्यावर आरत्या संपल्या की ‘शोले’च्या संवादांची तबकडी लागे. गाण्यांच्या तबकड्या सगळ्याच चित्रपटांच्या निघत. नुसत्या बोलण्याच्या तबकडीने गाण्यांवर मात केली ती याच चित्रपटाच्या. अण्णा ओसरीवर शिष्यांना घेऊन बसलेले आणि वरून गब्बर गर्जतो आहे, असे रोज चाले. शिष्यांना वाटे, आता गुरुजी कर्णा बंद करायला सांगतील. एके दिवशी अण्णांनी हात वर करून गाणे थांबवले. कर्ण्यावर गब्बर आपल्या माणसांना तो साधा हिशेबाचा प्रश्न विचारीत होता, शत्रू किती होते म्हणून. प्रश्न झाला. मध्ये शांतता. मग उत्तर. मग पुन्हा शांतता. अण्णा म्हणाले, “याला खाली कळते.”

तीनतालात नवव्या मात्रेला डग्गा गप्प होतो, ती खाली. नवशिक्याला तिथे पोकळी वाटते आणि तो घाईने भरायला जातो. जाणकार तिथे उभा राहतो. अमजद खान यांचा आवाज या भूमिकेला पातळ पडेल, अशी भीती चित्रपटाच्या कर्त्यांपैकी काहींना वाटली होती असे पुढे माझ्या वाचनात आले. तेव्हा मला अण्णांचे वाक्य आठवले. आवाज जाड की पातळ याला आमच्या ग्वाल्हेरच्या गाण्यात कुणी विचारीत नाही. लावला कसा आणि थांबवला कुठे एवढेच विचारतात. गब्बर पडद्यावर येतो तेव्हा आधी बूट दिसतात आणि खडकावर घसटत जाणाऱ्या पट्ट्याचा आवाज येतो. तोंडातून शब्द निघण्याआधी त्याची लय ठरून गेलेली असते.

त्याच गणपतीत मंडळाने भाड्याचा व्हिडिओ आणला. टीव्ही आमच्याच वाड्याच्या चौकात ठेवला, कारण चौक मोठा. अण्णांनी परवानगी कशी दिली याचे घरात सर्वांना आश्चर्य. ते स्वतः ओसरीवर, पडद्याकडे पाठ करून बसले. त्यांच्याजवळ मी, आणि दाराशी टेकून आमची आत्या.

आत्या अण्णांची धाकटी बहीण. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी तिच्यावर आपत्ती कोसळली आणि ती माहेरी परत आली, ती कायमची. मुलगी असताना ती आजोबांपाशी बसून अण्णांच्या बरोबरीने शिकली होती, असे घरातले जुने लोक सांगत. परत आल्यावर गाणे बंद कर असे तिला कुणी म्हटले नाही. ते बंद झाले. तंबोऱ्यांच्या गवसण्या शिवणे, जव्हारीचा दोरा बदलून ठेवणे, शिष्यांना चहा देणे हे तिच्याकडे. तंबोऱ्याला हात मात्र नाही. रात्री सगळे निजले की वाड्यातले दिवे मालवणे हेही तिचेच काम. वीज हमखास जायची ते दिवस. ओसरी, माजघर, जिना, देवघर असे चार-पाच कंदील रोज लागत.

चित्रपट सुरू झाला. बसंतीच्या टांग्याचा पाठलाग आला. मागे डाकू, पुढे टांगा, आणि वाद्यमेळ सगळा गप्प होऊन नुसता तबला. अण्णा ताठ बसले. “कोण वाजवतो आहे?” मला काय ठाऊक! त्यांनीच स्वतःला उत्तर दिले, “गुदई महाराज. दुसऱ्याचा हात नाही हा.” बनारसच्या पंडित सामता प्रसादांना ते गुदई महाराज म्हणत, जसे सगळेच जाणते म्हणतात. आणि ते खरे होते. राहुलदेव बर्मन त्यांच्याकडे तबला शिकलेले, या पाठलागासाठी त्यांनी गुरूंनाच बोलावले होते. घोड्यांच्या टापांना साहेबी चित्रपटांत पितळी तुताऱ्यांची जोड असते. इथे बनारसचा डग्गा आहे. टापा त्यात मिसळतात, सुटतात, पुन्हा मिसळतात. अण्णा मांडीवर बोटांनी मोजीत होते. सिनेमाला त्यांनी दिलेली ती पहिली आणि शेवटची दाद.

मग रात्रीचा प्रसंग आला. जय पायऱ्यांवर बसून माउथऑर्गन वाजवतो आणि समोर हवेलीत ठाकूरची विधवा सून राधा एकेक दिवा मालवीत जाते. संवाद नाहीत. अण्णांना काही कळेना. त्यांनी विचारले, “काय चालले आहे?”

मी म्हटले, “काही नाही. तो बाजा वाजवतो आहे आणि ती दिवे मालवते आहे.”

“कोण ती?”

“ठाकूरची सून. विधवा आहे.”

दाराशी टेकलेली आत्या तिथून उठून आत गेली. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. अण्णांना कळला असावा, कारण पुढचा चित्रपट त्यांनी ऐकला नाही. तेही उठले.

मी मोठा झाल्यावर लिओनेचा चित्रपट पाहिला आणि दोन माउथऑर्गन समोरासमोर ठेवता आले. लिओनेच्या नायकाला नावच नाही, हार्मोनिका हेच त्याचे नाव. तो बोलण्याऐवजी वाजवतो, आणि का वाजवतो ते अगदी शेवटी कळते. त्याच्या मोठ्या भावाच्या गळ्यात फास अडकवून त्याला या पोराच्या खांद्यांवर उभे केलेले असते आणि खलनायकाने पोराच्या तोंडात माउथऑर्गन कोंबलेला असतो. म्हणजे ते वाद्य म्हणजे एक जखम आहे, आणि ती जखम ज्याने केली त्यालाच परत करायची आहे. सलीम-जावेद आणि रमेश सिप्पी यांनी वाद्य उचलले, पण सूड काढून टाकला. जयच्या माउथऑर्गनला कुणाचा बदला घ्यायचा नाही. दोन माणसे अंगणाच्या दोन टोकांना आहेत आणि मधले अंतर ओलांडण्याची कुणाची छाती नाही, एवढेच तो वाजवतो. माझ्या मते हे लिओनेपेक्षा अवघड काम आहे. सुडाला शेवट असतो, त्यामुळे संगीताला पोहोचायला सम असते. इथे सम नाही.

वाजवणारे हात भानू गुप्तांचे. आणि वाद्य कसले, तर ज्याला मींड नाही असे. पेटी आणि माउथऑर्गन ही एकाच कुळातली भावंडे. दोन्हींत हवेने थरथरणाऱ्या पितळी पट्ट्या; एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारायची, घसरत जायला वाट नाही. म्हणून तर आकाशवाणीने १९४० साली पेटी बंद केली, ती १९७१ पर्यंत. पण याच ग्वाल्हेरीत जयाजीराव महाराजांचे चिरंजीव भैया गणपतराव होऊन गेले, ज्यांनी पेटीतून ठुमरी बोलती केली. दोन सुरांमधली जागा पेटीला भरता येत नाही. तेव्हा ऐकणाऱ्याने ती आपल्या मनाने भरावी असे वाजवायचे. जयच्या धूनमध्ये तेच आहे. सूर सुटे सुटे आहेत. मधली मींड राधेच्या चालण्यात आहे.

त्या हिवाळ्यात ग्वाल्हेरच्या मेळ्यात मिळालेल्या पैशांतून मी एक माउथऑर्गन घेतला. घरात आणला तो पोथीच्या कपाटामागे लपवून, आणि कुणी नसताना माडीवर ती धून जुळवीत बसे. आंधळ्या माणसापासून आवाज लपवता येतो असे मला का वाटले कोण जाणे. एके सकाळी अण्णांनी हाक मारली आणि म्हणाले, “तो बाजा आण.” मी रडायच्या बेतात. त्यांनी बाजा हातांत घेऊन चाचपला, मला षड्ज वाजवायला सांगितले, आणि आत हाक मारली, “तंबोरा घेऊन ये. याच्या सुरात मिळव.”

हाक माझ्या आईला नव्हती. आत्या तंबोरा घेऊन दारात उभी राहिली. “मी?” एवढेच म्हणाली. अण्णा म्हणाले, “मग काय हा मिळवणार?”

तिने खाली बसून तो बाजाच्या पांढरी एकला मिळवला. तीस वर्षांत हात लावला नव्हता, पण मणी सरकवताना बोट चुकले नाही. मग छेडू लागली. अण्णांनी मला सांगितले, खर्जाची तार वाजून विरत जाते तिकडे कान दे. बराच वेळ मला काही ऐकू येईना. मग त्या खर्जाच्या पोटातून, कुणी न छेडलेला, एक बारीक गंधार उमटताना ऐकू आला. “आता तुझ्या बाजाचा गंधार वाजव.” मी वाजवला. तो चढा होता. दोन्ही गंधार एकमेकांवर घासून थरथरू लागले, दुखऱ्या दातावर जीभ लागावी तसे. “घासतो आहे ते ऐकू आले?” मी होय म्हटले. “मग आता बाजा ठेव आणि गंधार गा.”

पेटीचा गंधार स्वयंभू गंधारापेक्षा अर्ध्या सुराच्या शंभरातले सुमारे चौदा भाग चढा असतो, हे पुढे मी पुस्तकात वाचले आणि आता विद्यार्थ्यांना फळ्यावर मांडून दाखवतो. पण तो मला कळला त्या सकाळी, मेळ्यातल्या बाजामुळे. त्या दिवसापासून माझ्या तालमीला तंबोरा आत्या धरू लागली. ती गायली मात्र नाही. तिने गावे असे अण्णा कधी बोलले नाहीत, आणि मीही विचारले नाही. याबद्दल आज मला स्वतःचा राग येतो.

नव्या प्रतीविषयी थोडक्यात. आणीबाणीच्या दिवसांत सेन्सॉरला पोलीस अधिकारी राहिलेल्या माणसाने कायदा हातात घेणे रुचले नाही. म्हणून जुन्या प्रतीत ऐन वेळी पोलीस येतात आणि ठाकूर गब्बरला त्यांच्या हवाली करतो. मूळ शेवटात हात नसलेला ठाकूर खिळ्यांच्या जोड्यांनी गब्बरला चिरडतो, ठार करतो, आणि मग कोसळून रडतो. ते रडणे मला पटले. जुन्या शेवटात तान समेवर येण्याआधीच कुणीतरी टाळ्या वाजवल्यासारखे होत असे. संजीवकुमार यांचे एवढे मोठे काम पन्नास वर्षे कापलेले राहिले याची हळहळ वाटली. धर्मेंद्र २४ नोव्हेंबर २०२५ रोजी गेले. त्यामुळे थिएटरात त्यांच्या प्रत्येक विनोदाला लोक हसत होते ते जरा जपून.

घरी आलो तेव्हा रात्र झाली होती. आत्या आता अठ्ठ्याऐंशीची आहे. जागीच होती. तिने विचारले, “काय रे, नवा म्हणत होतास ना तो?”

मी सांगितले, शेवट बदलला आहे, म्हणजे खरे तर जुनाच परत आणला आहे.

“मग तो बाजा वाजवणारा वाचतो?”

“नाही गं. तो मरतोच. ती खिडकी लावून घेते.”

“मग बदलले काय?” आत्या म्हणाली, आणि ओसरीवरचा दिवा मालवायला उठली.